फळनामे, इंग्रजी

फळनामे, इंग्रजी : इंग्रजी भाषेतील फळांची नावे, त्यांचे मूळ अर्थ आणि व्युत्पत्ती. या नावांचे ढोबळमानाने तीन थर आहेत. सर्वांत जुना थर जर्मानिक असून तो प्राचीन इंग्रजीतला आहे. दुसरा लॅटिन-फ्रेंच, त्यातली काही नावे फार पूर्वी, तर बरीचशी १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर रुळली. तिसरा थर सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज व स्पॅनिश जहाजांबरोबर आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतून आला. प्रस्तुत नोंदीत ‘बेरी’युक्त नावे आणि हिंदी महासागराच्या वाटेने गेलेली नावे यांवर भर दिला आहे, कारण लोकप्रिय पण निराधार व्युत्पत्ती याच दोन गटांत सर्वाधिक आढळतात.

देशी शब्द : प्राचीन इंग्रजीत फळासाठी मुख्यतः दोनच शब्द होते, ‘अ‍ॅपल’ आणि ‘बेरी’. ‘अ‍ॅपल’ने सफरचंदाबरोबरच कोणत्याही फळाचा बोध होई, खजुराला ‘बोट-सफरचंद’ अशा अर्थाचे नाव होते. द्राक्षाला ‘वाइन-बेरी’ म्हणत आणि गॉथिक भाषेतही याच घडणीचा शब्द आढळतो. ‘ग्रेप’ हा शब्द पुढे फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ ‘घोस’ असा होता. इंग्रजीत तो एका फळाला लागला. ‘फ्रूट’चे मूळ लॅटिन ‘फ्रुक्टुस’ असून ते उपभोग घेणे या अर्थाच्या क्रियापदापासून झाले आहे.

बेरीयुक्त नावे : स्ट्रॉबेरी. जर्मन व तिच्या भगिनीभाषांत या फळाला ‘भूमि-बेरी’ म्हणतात आणि प्राचीन इंग्रजीतही तसा शब्द होता. ‘स्ट्रॉ’ची जोड मात्र केवळ इंग्रजीत दिसते. रोपांखाली पेंढा अंथरतात म्हणून हे नाव पडले, असे वारंवार सांगितले जाते. ते पटणारे नाही. नाव प्राचीन इंग्रजीइतके जुने आहे आणि त्या काळी हे फळ म्हणजे रानात वेचायची बारीक, लाल फळे होती. महाबळेश्वर-पाचगणीला जिची लागवड होते, ती मोठ्या फळांची संकरित जात अठराव्या शतकात युरोपात, व्हर्जिनिया आणि चिली येथील जातींच्या संकरातून निपजली. फळाच्या पृष्ठभागावरील बिया काडीकचऱ्यासारख्या दिसतात, किंवा वेलीचे धुमारे जमिनीवर विखुरतात, यांपैकी एखादे स्पष्टीकरण अधिक संभवनीय आहे. निर्णय झालेला नाही.

रास्पबेरीचे जुने नाव ‘हिंडबेरी’, म्हणजे हरिणीचे फळ. जर्मन ‘हिम्बेअरे’ त्याच कुळातले. सोळाव्या शतकात ‘रास्पिस’ हे रूप प्रचारात आले आणि त्याला पुढे ‘बेरी’ जोडले गेले. काही अभ्यासक त्याचा संबंध त्याच नावाच्या गुलाबीसर गोड मद्याशी, तर काही फळाच्या खरखरीत पृष्ठभागाशी जोडतात.

गूजबेरीत ‘गूज’ म्हणजे बदक-हंसवर्गीय पक्षी खरोखर आहे की नाही, हा जुना वाद आहे. फ्रेंच ‘ग्रोझेय’ किंवा जर्मन ‘क्राउसबेअरे’ याचा अपभ्रंश होऊन लोकांनी त्यात ओळखीचा पक्षी पाहिला, असे एक मत. स्कॉटिश बोलीतील ‘ग्रॉझेट’ उघडच फ्रेंचमधून आलेले आहे, पण त्यावरून ‘गूजबेरी’चा उलगडा होत नाही. या नावाइतके भटकलेले दुसरे नाव क्वचितच सापडेल. आवळ्याला ‘इंडियन गूजबेरी’ म्हणतात, पण दोन्ही वनस्पतींची कुले वेगळी. साम्य फक्त गोल आकार, फिकट हिरवा रंग, अंगावरच्या उभ्या रेषा आणि आंबटपणा यांत. ‘केप गूजबेरी’ वांगी-टोमॅटोच्या कुलातली आहे. ‘चायनीज गूजबेरी’चे १९५९ मध्ये न्यूझीलंडच्या निर्यातदारांनी अमेरिकी बाजारासाठी ‘कीवीफ्रूट’ असे बारसे केले.

क्रॅनबेरी हे नाव सतराव्या शतकात लो जर्मनमधून आले. त्यातील ‘क्रान’ म्हणजे क्रौंच पक्षी. आजच्या इंग्रजी भाषकाला ‘क्रॅन’चा अर्थ स्वतंत्रपणे लागत नाही. म्हणूनच एकाच शब्दात आढळणाऱ्या, एरवी निरर्थक घटकाला भाषाविज्ञानात ‘क्रॅनबेरी रूपिका’ म्हणतात. एका फळामुळे शास्त्राला परिभाषा मिळाल्याचे हे लक्षणीय उदाहरण. मलबेरीतील (तुती) ‘मल’चीही तीच गत. मूळ लॅटिन ‘मोरुम’. ‘बेरी’तही ‘र’ असल्याने दोनपैकी पहिल्याचा ‘ल’ झाला.

लोगनबेरी : कॅलिफोर्नियातील न्यायाधीश जेम्स हार्वी लोगन यांच्या नावावरून, १८८१.

वनस्पतिशास्त्रातील अर्थ : शास्त्रात ‘बेरी’ म्हणजे मृदुफळ, एका फुलातील एकाच किंजपुटापासून बनलेले गरदार फळ. या व्याख्येनुसार द्राक्ष, टोमॅटो आणि केळे बेरी ठरतात. स्ट्रॉबेरी (जिचा गर म्हणजे फुगलेले पुष्पासन) आणि रास्पबेरी ठरत नाहीत. बोलीतला शब्द शास्त्रापेक्षा पुष्कळ जुना आहे. त्यामुळे बोलीला चूक ठरवण्याचे कारण नाही.

लॅटिन-फ्रेंच थर : ‘पीच’ म्हणजे ‘पर्शियन सफरचंद’, फळ मूळचे चीनचे, पण रोमनांना ते इराणमार्गे कळले. ‘प्लम’ आणि ‘प्रून’ एकाच लॅटिन शब्दाची दोन रूपे. ‘चेरी’ हे नॉर्मन फ्रेंच ‘शेरीझ’ला अनेकवचन समजून पाडलेले एकवचन. ‘करंट’ म्हणजे ग्रीसमधील कोरिंथहून येणारे बारीक बेदाणे. पुढे ते नाव निराळ्याच झुडपाच्या फळांना लागले. ‘अ‍ॅप्रिकॉट’चा प्रवास सर्वांत लांबचा. ‘लवकर पिकणारे’ या अर्थाचा लॅटिन शब्द ग्रीकमध्ये गेला, तिथून अरबीत ‘अल्-बर्कूक’ झाला, आयबेरियन भाषांत शिरला आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत पोहोचला.

हिंदी महासागराच्या वाटेने : संस्कृत ‘नारंग’ (बहुधा द्राविडी मूळ) फारसीत ‘नारंग’, अरबीत ‘नारंज’, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘ओरेंज’ झाला. आरंभीचा ‘न’ इंग्रजीतील ‘अ नॉरेंज’ची फोड चुकल्याने गळाला, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. तो इटालियन-फ्रेंचमध्येच गळाला होता; इंग्रजीत शब्द आला तोच ‘न’शिवाय. शिवाय हे नाव प्रथम कडू नारिंगाचे होते. गोड संत्रे युरोपात रुळले ते मुख्यतः पोर्तुगीज व्यापारामुळे, आणि म्हणून अरबी, ग्रीक, तुर्की व फारसी या भाषांत त्याचे नाव पोर्तुगालवरून पडले. आपली ‘मोसंबी’ मोझांबिकवरून आली, असे सामान्यतः मानतात.

‘मँगो’ तमिळ-मलयाळम ‘मांगाय’, ‘मांङ्ङ’पासून पोर्तुगीज ‘मांगा’मार्गे आला, मराठी ‘आंबा’ संस्कृत ‘आम्र’चा, त्याच्याशी संबंध नाही. गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या औषधिसंवादांत आंबा आणि फणस या दोहोंची चर्चा आहे. इंग्लंडात आंबा बराच काळ लोणच्याच्या रूपानेच पोहोचे. त्यामुळे तिथे काकडी-खरबुजाच्या लोणच्यालाही ‘मँगो’ म्हणू लागले आणि लोणचे घालणे या अर्थी क्रियापदही झाले. ‘जॅकफ्रूट’मधील ‘जॅक’ मलयाळम ‘चक्क’चा.

नव्या जगातील नावे : ‘पाइनअ‍ॅपल’ म्हणजे आधी पाइन वृक्षाचा शंकू, सतराव्या शतकात अननसाला तेच नाव मिळाले. मराठीने मात्र पोर्तुगीजांकडून तुपी भाषेतील मूळ शब्द घेतला, तसाच ‘काजू’ही. ‘अ‍ॅव्होकॅडो’ व ‘टोमॅटो’ नाहुआत्ल भाषेतील.

रंगवाचक उपयोग : इंग्रजीत ‘ऑरेंज’ हे आधी फळाचे नाव होते, रंगाचे सोळाव्या शतकापासून.