एक तारीख आणि एक घाट

वर्षाच्या तीनशें पांसष्ट दिवसांपैकीं कोणताहि एक दिवस उचलावा, आणि त्या तारखेला निरनिराळ्या सालीं काय काय घडलें याची टिपणी करावी, अशी चाल वृत्तपत्रांतून रूढ आहे. ‘दिनविशेष’ या मथळ्याखालीं आपण रोज सकाळीं वाचतों तें हेंच. पुष्कळ इतिहासज्ञांना हा प्रकार पोरकट वाटतो. दोन घटना एकाच तारखेला घडल्या एवढ्यानें त्यांत कार्यकारणसंबंध उत्पन्न होत नाहीं, हा त्यांचा आक्षेप खराच आहे. तथापि या खेळाचा एक गुण आम्हांस दिसतो. एखादी तारीख उघडून पाहिली म्हणजे भूतकाळांत काय घडलें यापेक्षां त्यांतलें काय लिहून ठेवलें गेलें, हें अधिक स्पष्ट दिसतें. क्रीडेच्या इतिहासांतली १६ डिसेंबर ही एकच तारीख घेऊन हें आमचें म्हणणें वाचकांपुढें मांडावें असा विचार आहे.

सन २०२० च्या १६ डिसेंबरला अमेरिकेंतील ‘मेजर लीग बेसबॉल’ या संस्थेनें एक घोषणा केली. बेसबॉल हा तेथील लोकांचा जीव कीं प्राण. परंतु त्याच्या श्रेष्ठ संघांचीं दारें कित्येक वर्षें कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होतीं. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून मैदानांत उतरला तेव्हां तें दार किलकिलें झालें. तत्पूर्वीं कृष्णवर्णीयांनीं आपले निराळे संघ व निराळ्या स्पर्धा उभारल्या होत्या. गोऱ्यांच्या बखरींत त्यांना स्थान नव्हतें. १९२० पासून १९४८ पर्यंतच्या अशा सात स्पर्धामालिकांना यापुढें श्रेष्ठ दर्जा राहील, आणि त्यांत खेळलेल्या सुमारें ३,४०० खेळाडूंची गणना श्रेष्ठ खेळाडूंत होईल, अशी ती घोषणा होती.

घोषणा एका दिवसाची. तिच्या मागची मेहनत मात्र कित्येक वर्षांची. कृष्णवर्णीयांसाठीं निघणाऱ्या जुन्या वृत्तपत्रांच्या पिवळ्या पडलेल्या अंकांतून एकेक धावफलक शोधून संशोधकांनीं आंकड्याला आंकडा जोडला. हा धावफलक छापण्याची पद्धति ज्यानें अमेरिकेंत रुजविली तो हेन्री चॅडविक जन्मानें इंग्रज, आणि आरंभीं क्रिकेटचा वार्ताहर होता. त्याच्या या शिस्तीचें फळ असें कीं, २०२४ सालीं सर्व आंकडे एकत्र केले गेले तेव्हां फलंदाजीच्या सरासरींत टाय कॉबचा .३६७ हा उच्चांक मागें पडून जॉश गिब्सनचा .३७२ हा आंकडा अग्रस्थानीं आला. गिब्सन बिचारा १९४७ च्या जानेवारींतच निवर्तला होता. रॉबिन्सनचें पदार्पण पाहणेंहि त्याच्या नशिबीं नव्हतें. सत्त्याहत्तर वर्षांनीं त्याला न्याय मिळाला तो कोणाच्या औदार्यानें नव्हे. कोणा अनामिक वार्ताहरानें त्या त्या दिवशीं चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, म्हणून मिळाला.

आतां आपल्या पुण्याकडे वळूं. १९४८ सालच्या १६ डिसेंबरला, गुरुवारीं, पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा रणजी करंडकाचा सामना सुरू झाला. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. पुढें जें झालें तें क्रिकेटच्या प्रत्येक शौकिनास ठाऊक आहे. भाऊसाहेब निंबाळकर आणि भांडारकर यांनीं दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशीं खेळ थांबला तेव्हां महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झाल्या होत्या, आणि निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या ४५२ या जागतिक उच्चांकाशीं बरोबरी होण्यास नऊ धावा उरल्या होत्या. विश्रांतीनंतर काठियावाडच्या कर्णधारानें, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनीं, पुढें खेळण्यास नकार देऊन सामना सोडला, आणि त्या नऊ धावा कायमच्या राहून गेल्या. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकहि खेळावयास मिळाला नाहीं. तरीहि २०१२ च्या डिसेंबरांत ते वारले तेव्हां त्यांचें नांव क्रिकेटच्या जगांत कोणी विसरलें नव्हतें. कारण ४४३ हा आंकडा वहींत चढला होता, आणि वहींत चढलेलें कोणत्याहि कर्णधाराला पुसतां येत नाहीं.

याच तारखेची तिसरी नोंद आमच्या स्वतःच्या मुलुखाची, म्हणजे जुन्नर-आंबेगांवची आहे. १६ डिसेंबर २०२१, हाहि गुरुवारच. त्या दिवशीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. खानविलकर, न्या. माहेश्वरी व न्या. रविकुमार यांच्या पीठानें महाराष्ट्रांत बैलगाडा शर्यती अटींसह भरविण्यास मोकळीक दिली. ७ मे २०१४ च्या निकालानें त्या बंद पडल्या होत्या. २०१७ सालीं राज्यानें त्यांच्यासाठीं कायद्यांत दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयानें ती अडविली. सुमारें साडेसात वर्षांनीं घाट पुन्हां मोकळे झाले. ही वार्ता आली त्या सायंकाळीं गांवोगांवीं भंडारा उधळला गेला.

ज्यांनीं आमच्याकडील घाट पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. घाट म्हणजे शर्यतीसाठीं राखलेली चढाची धांवपट्टी. हलक्या गाड्याला चार बैल जुंपतात, पुढें घोडी धांवते, आणि गाड्यावर हांकणारा कोणी नसतो. गाडा सुटला कीं दहा-बारा सेकंदांत बारी संपते. घड्याळ लावलेलें असतें. सेकंदाचा शंभरावा भागहि मोजला जातो. कर्ण्यावरून आंकडा पुकारला जातो. ज्याचा वेळ सर्वांत कमी तो ‘घाटाचा राजा’ ठरतो. बेसबॉल काय किंवा क्रिकेट काय, मोजमापाचा कांटेकोरपणा आमच्या घाटांत त्यांच्याहून तसूभरहि उणा नाहीं. उणें आहे तें एकच. पुकारलेला आंकडा वाऱ्यावर जातो. यात्रा उठली, पाल उतरले, कीं तो कागदहि कोठें जातो तें देव जाणे.

म्हणून १६ डिसेंबर ही तारीख उघडली तर बेसबॉल आपला नाकारलेला खेळाडू पुढें करतो, क्रिकेट आपल्या ४४३ धावा पुढें करतें, आणि आमच्या घाटाच्या नांवावर काय निघतें? न्यायालयाचा हुकूम. एका बैलाचें नांव नाहीं, एका बारीचा वेळ नाहीं. ज्या खेळावर आमच्या गांवकऱ्यांनीं जमिनीच्या तुकड्याइतका जीव लावला, त्याची लेखी साक्ष दिल्लीच्या दप्तरांत आहे. आमच्या देवळांत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आमच्या यात्रा तारखेनें नव्हे, तिथीनें चालतात. हें खरें आहे. नागापूरच्या थापलिंग गडावरील खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेची. ती पौर्णिमा २०२३ सालीं ६ जानेवारीला आली, २०२४ सालीं २५ जानेवारीला, आणि २०२५ सालीं १३ जानेवारीला. दिनविशेषाच्या चौकटींत असली यात्रा बसावयाची नाहीं. परंतु तिथि हा कांहीं न लिहिण्याचा परवाना नव्हे. याच जुन्नर तालुक्यांतील शिवनेरीची गोष्ट पाहा. शिवछत्रपतींच्या जन्माचें साल पुष्कळ काळपर्यंत १६२७ धरलें जाई. लोकमान्य टिळकांनीं उजेडांत आणलेली जेधे शकावली १९१६ सालीं छापली गेली, तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली, आणि तीवरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढें मान्य झाली. एका देशमुखाच्या घरांत जपलेल्या तिथीच्या एका ओळीनें हें केलें.

त्याहि मागें जावें तर लिहून ठेवण्याची हौस या मातीला नवी नाहीं. जुन्नरभोंवतींच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे लेख आहेत. ते सगळेच राजांचे नाहींत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें लेणें व पाण्याचें टाकें दिलें. बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींचेहि उल्लेख आहेत. बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांचें नांव कातळावर राहिलें, आणि कर्णा, घड्याळ व छापखाना हाताशीं असतांना आमच्या गाडामालकांचें राहूं नये, याची लाज वाटावी.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें जल्लिकट्टू, कंबाला व बैलगाडा यांसंबंधींचे राज्यांचे कायदे कायम केले. तामिळनाडूच्या जल्लिकट्टूविषयीं पीठानें म्हटलें कीं, हा खेळ निदान शतकभर चालत आला आहे असें पुराव्यावरून दिसतें. परंतु तो तेथील संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास धार्मिक, सामाजिक व सांस्कृतिक अंगांची अधिक खोल छाननी पाहिजे, आणि ती न्यायालयाच्या कक्षेंतली नव्हे. मग ती कोणी करावयाची? विधिमंडळ कायदा करील. परंतु परंपरा म्हणजे काय, हें कागदानें दाखविण्याचें काम इतिहासाचें आहे, आणि त्या कागदाचें पहिलें पान गांवानेंच लिहावयाचें आहे.

तें पान लिहितांना खरें लिहावें, एवढी आमची विनंति. २०१४ च्या निकालांत जनावरांच्या छळाचें जें वर्णन आलें तें सर्वस्वीं परक्यांचें कुभांड नव्हे. चाबूक, शेंपटीचा पिळा, टोंचणी, हे प्रकार ज्यांनीं घाट पाहिला आहे त्यांनीं पाहिले आहेत. वहींत बारीचा वेळ जसा येईल तसाच बैलाला झालेला अपायहि आला पाहिजे. रॉबिन्सनपूर्वीं दार कोणी बंद ठेवलें होतें, हें बेसबॉलच्या इतिहासांत आज लपविलें जात नाहीं. त्यामुळें त्या खेळाची थोरवी कमी झाली नाहीं.

आम्ही स्वतः या गोष्टीकडे उशिरां वळलों, हें कबूल केलें पाहिजे. लहानपणीं वडिलांच्या खांद्यावरून एका कोशा बैलाची बारी पाहिल्याचें आम्हांस आठवतें. त्या बैलाची कीर्ति पंचक्रोशींत होती. तीस वर्षें दूरदूरच्या राजघराण्यांचा इतिहास शिकविल्यावर गेल्या यात्रेंत प्रथमच आम्ही वही घेऊन पारावर बसलों, आणि त्या बैलाविषयीं विचारलें. एक म्हातारे म्हणाले, तो घाटाचा राजा झाला तो बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालीं. दुसरे म्हणाले, दुष्काळ सरल्यावर. दोघांचा वाद रंगला, चहा झाला, पुढच्या खेपेस पुन्हां बसूं असें ठरलें. त्यानंतर चार महिन्यांनीं पहिले म्हातारे गेले.

ज्या आंबेगांवावरून तालुक्याचें नांव पडलें तें जुनें गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे. बुडालेल्या गांवाचें निदान नांव तालुक्याला लागून राहिलें. पारावरचीं माणसें एकेक करून जातात, त्यांच्याबरोबर जें बुडतें त्याला नांवहि राहत नाहीं. अमेरिकेंतल्या संशोधकांना जुनीं वृत्तपत्रें तरी होतीं. आमच्याजवळ केवळ ऐंशी-पंचाऐंशींच्या घरांतलीं कांहीं माणसें आहेत.

म्हणून प्रत्येक यात्रा-समितीनें एक वही देवळांत ठेवावी. तिथि लिहावी, शेजारीं तारीख लिहावी; गाडामालकाचें गांव, चारी बैलांचीं नांवें, घोडीचें नांव, बारीचा वेळ, दुखापत झाल्यास ती, आणि खालीं दोघां पंचांच्या सह्या. यास विद्वत्ता लागत नाहीं. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आज एकच नोंद आहे: कोसा बैल, साल बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेंमागें, एकमत नाहीं, सांगणारे दोन, पैकीं एक हयात.