सर, उत्तर सापडलं



ट्यूबलाइट लागते म्हणजे आत नेमकं काय होतं, असं मी दहावीत विचारलं होतं. सर म्हणाले, "पाऱ्याच्या अणूंवर इलेक्ट्रॉन आदळतात. किती जोराने आदळला की काय होतं, हे मोजण्यात मोठी माणसं चुकली आहेत. पुढे शीक, कळेल."

१९८२च्या संपात वडिलांची गिरणी सुटली. मी वायरमन झालो. चिंचपोकळीच्या चाळींतून स्टार्टर, चोक बदलत फिरलो. आतलं कळायचं राहिलंच. निवृत्तीनंतर वाचलं, ते मांडतो.

१९१४ साली जर्मनीत फ्रँक आणि हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले. ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट झाली की टकरीत ती अणूला जाई. अणूतला इलेक्ट्रॉन सुटून आयन झाला, असं त्यांना वाटलं. ती चूक होती. अणू नुसता उत्तेजित होऊन अतिनील किरण टाकत होता. आयन व्हायला १०.४ लागतात. तरी प्रयोग पक्का होता, १९२५चं नोबेल त्यालाच मिळालं. आपल्या ट्यूबमध्ये दोन्ही चालतं: आयन झाल्याने वीज वाहत राहते, अतिनील किरणांनी काचेवरची भुकटी उजळते.

पुढचा प्रश्न, आयन किती होतात? रेणू फुटला की काही तुकडे इतक्या वेगाने उडतात की यंत्राला सापडत नाहीत आणि हिशेब कमी भरतो. म्हणून इलेक्ट्रॉनचा झोत क्षणभरच सोडायचा आणि लगेच सगळे आयन ओढून घ्यायचे, ही रीत आली. ई. कृष्णकुमार आणि एस. के. श्रीवास्तव यांनी १९८८ साली हेलियमपासून झेनॉनपर्यंतच्या वायूंची अशी मोजणी प्रसिद्ध केली.

कृष्णकुमार आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये होते. तिथेच प्रभुदेसाई, केळकर, नंदी आणि त्यांनी २००५ साली आणखी एक गोष्ट दाखवली. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटिक आम्लावर मंद इलेक्ट्रॉन सोडले, तर एका ऊर्जेला हायड्रोजन ऑक्सिजनकडून सुटतो, पाण्यात सुटतो तसा. जास्त ऊर्जेला कार्बनकडून, मिथेनमध्ये सुटतो तसा. म्हणजे रेणू कुठे तोडायचा, ते ऊर्जा बदलून ठरवता येतं.

सर, उत्तराला चाळीसहून अधिक वर्षं लागली. मेळाव्यात भेटू तेव्हा तोंडी परीक्षा घ्या.