बर्नबी, फ्रेडरिक गुस्ताव्हस
(३ मार्च १८४२–१७ जानेवारी १८८५). ब्रिटिश घोडदळातील कर्नल, प्रवासलेखक व बलूनविहारी. जन्म इंग्लंडमधील बेडफर्ड येथे, एका धर्मोपदेशकाच्या घरी. हॅरो येथे व पुढे जर्मनीत शिक्षण. १८५९ मध्ये तो ‘रॉयल हॉर्स गार्ड्स’ या राजरक्षक पथकात दाखल झाला व १८८१ मध्ये त्याचा प्रमुख झाला. सहा फूट चार इंच उंची, अचाट ताकद आणि अनेक भाषांची जाण यांमुळे लंडनमध्ये त्याचा बोलबाला होता. जेम्स तिसो याने १८७० मध्ये रंगवलेले त्याचे व्यक्तिचित्र नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

राजधानीतील संथ चाकरीत त्याचे मन रमले नाही. मिळालेली रजा तो धाडसी प्रवासात घालवी. रशियाने १८७३ मध्ये जिंकलेल्या मध्य आशियातील खीवा येथे परकीयांना मज्जाव असतानाही, १८७५-७६ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात तो घोड्यावरून तेथे पोहोचला. या प्रवासावरील ए राइड टू खीवा (१८७६) हे त्याचे पुस्तक गाजले. आशिया मायनरच्या प्रवासावर त्याने दुसरे पुस्तक लिहिले (१८७७). १८८० मध्ये बर्मिंगहॅममधून हुजूर पक्षातर्फे लढवलेली निवडणूक तो हरला. मार्च १८८२ मध्ये त्याने बलूनमधून एकट्याने इंग्लिश खाडी ओलांडली. त्याची पत्नी एलिझाबेथ पुढे गिर्यारोहक म्हणून नावारूपास आली.

सुदानमध्ये ईजिप्तच्या सत्तेविरुद्ध महदी (इस्लाममधील अपेक्षित तारणहार) म्हणवणाऱ्या मुहंमद अहमदने उठाव केला होता. १८८४ मध्ये एल तेबच्या लढाईत बर्नबी जखमी झाला. पुढे खार्टूममध्ये वेढल्या गेलेल्या ब्रिटिश जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी सेनापती वूल्झलीच्या हाताखाली फौज निघाली, तेव्हा युद्धखात्याची अनुमती नसताना तो रजेवर निघून तिला मिळाला. नाईलचे मोठे वळण टाळून बायुदा वाळवंटातून जाणाऱ्या उंटस्वारांच्या तुकडीत बर्नबीसह जड घोडदळाचे सैनिकही होते. ते प्रवास उंटावरून करीत, पण लढत पायउतार होऊन. अबू क्ली येथील विहिरींजवळ १७ जानेवारी १८८५ रोजी महदीच्या सैन्याने त्यांच्या चौकोनी व्यूहाची मागची डावी बाजू फोडली. ब्रिटिशांची गार्डनर यंत्रतोफ ऐन वेळी अडकली. व्यूहाबाहेर आलेला बर्नबी भाल्याचा घाव वर्मी बसून ठार झाला. सुमारे पाव तासाच्या या लढाईत ब्रिटिशांचे सत्तरहून अधिक, तर महदीच्या बाजूचे सुमारे १,१०० लोक पडले.

दोन दिवसांनी या तुकडीचा सेनानी हर्बर्ट स्ट्यूअर्टही प्राणघातक जखमी झाला. त्याच्यानंतर बर्नबीने सूत्रे घ्यावीत, अशी योजना होती. ही सूत्रे आता लढाईत नेतृत्वाचा अनुभव नसलेल्या चार्ल्स विल्सनकडे गेली. त्याच्या बोटी २८ जानेवारीला खार्टूमसमोर आल्या. शहर दोन दिवसांपूर्वीच पडले होते व गॉर्डन मारला गेला होता.

ब्रिटनमध्ये बर्नबी वीरपुरुष ठरला. बर्मिंगहॅममध्ये सेंट फिलिप चर्चच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे. व्यूहात खिंडार पडण्यास त्याने आयत्या वेळी दिलेला हुकूमही कारणीभूत होता, अशी टीका मात्र पुढे झाली. त्याचे शौर्य निर्विवाद असले, तरी सेनानी म्हणून त्याची योग्यता वादग्रस्तच राहिली.