घरबसल्या ऑनलाइन काम : जोयड्यासारख्या तालुक्यात काय साधते, काय साधत नाही

गोव्याच्या पूर्व सीमेला लागून असलेला जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील विस्ताराने मोठा, पण वस्तीने विरळ असा तालुका आहे. पूर्वी तो सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली सुपा गाव गेले आणि अनेक विस्थापित कुटुंबे रामनगरात स्थिरावली. तालुक्याचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो. रोजगाराची साधने मर्यादित असल्याने अनमोड घाट उतरून गोव्यात कामाला येणे हा येथील तरुणांचा नेहमीचा मार्ग ठरला आहे. घर, शेती किंवा लहान मुले सोडून ज्यांना बाहेर पडता येत नाही, त्यांच्यापुढे मात्र तोही मार्ग नसतो. अशांना घरी राहून, सवडीच्या वेळेत, इंटरनेटद्वारे काही मिळवता येईल काय? येते, परंतु काम कोणते निवडावे आणि कोणापासून दूर राहावे, हे आधी कळले तरच.

कामाचे स्वरूप

फ्रीलान्स काम म्हणजे नोकरी नव्हे. येथे पगार, रजा वा भविष्यनिर्वाह निधी नसतो. ठरलेले काम ठरलेल्या मुदतीत द्यायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा, एवढाच व्यवहार. भाषांतर, ध्वनिमुद्रणाचे लेखन, उपशीर्षके, मुद्रितशोधन, हिशेबलेखन, चित्ररचना, संकेतस्थळ बांधणी, ऑनलाइन शिकवणी ही त्याची प्रचलित रूपे होत. ग्राहक व काम करणारा यांची गाठ घालून देणारी मध्यस्थ संकेतस्थळे आहेत. ईलान्स व ओडेस्क यांच्या विलीनीकरणातून उभे राहिलेले आणि २०१५ पासून अपवर्क या नावाने चालणारे संकेतस्थळ, तसेच २०१० मध्ये सुरू झालेले इस्रायली फायव्हर ही त्यांतील ठळक नावे. फायव्हर मोबदल्यातून २० टक्के कापून घेते. दर ठरवतानाच ही कपात लक्षात घ्यावी लागते.

नेटवर्क पाहून काम निवडावे

ऑनलाइन कामांचे दोन गट पाडता येतात. शिकवणी, ग्राहकसेवा, दूरध्वनीवरील दुभाषेपणा यांसाठी त्या क्षणी अखंड जोडणी लागते. भाषांतर, मुद्रितशोधन, उपशीर्षके, हिशेब यांत काम उतरवून घ्यायचे, जोडणी नसतानाही पूर्ण करायचे आणि नंतर पाठवायचे असते. जोयड्यात हा भेद निर्णायक आहे. वनभूमीवर मनोरा उभारण्यास किंवा केबल टाकण्यास वनखात्याची परवानगी लागते, पाड्यांमधील अंतरे मोठी आहेत आणि पावसाळ्यात वीज व नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. रामनगरसारख्या महामार्गावरील गावात जे जमेल, ते आतल्या पाड्यावर जमेलच असे नाही.

नेटवर्क नसलेल्या गावांत ४जी सेवा पोहोचवण्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. देशातील २४,६८० गावे त्यात धरली होती. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे काम आहे. पण आपल्या घरात, आपल्या वेळेला जोडणी किती टिकते, हे स्वतः आठवडाभर तपासूनच कामाची मुदत कबूल करावी. एकदा मुदत चुकली की त्या संकेतस्थळावरील गुणांकन खाली येते आणि पुढील कामे मिळणे कठीण होते.

भाषा हेच भांडवल

जोयड्यात घरी कोकणी, व्यवहारात मराठी, शाळेत व कचेरीत कन्नड आणि जोडीला हिंदी असे बहुभाषिकत्व सहज आढळते. या कौशल्याला आज बाजार आहे. संगणकाला भारतीय भाषा शिकवण्यासाठी खऱ्या बोलण्याचे नमुने लागतात आणि ते शहरी उच्चारांपुरते मर्यादित असून भागत नाही. मराठीपुरता याचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अल्प उत्पन्न गटातील ग्रामीण रहिवासी, तसेच शहरी रहिवासी आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा एकूण ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण जमवण्यात आले. अल्प उत्पन्न गटातील लोकांचे काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे निघाले. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील अशाच संशोधनातून पुढे बेंगळुरूची ‘कार्य’ ही संस्था उभी राहिली. दक्षिण कर्नाटकातील खेड्यांतून तिने कन्नड ध्वनिमुद्रणे करून घेतली असून तासाला सुमारे ५ डॉलर मोबदला देण्याचे तिचे धोरण आहे.

अशी कामे कायमची नसतात. प्रकल्प संपला की उत्पन्नही थांबते. शिवाय गूगलच्या यांत्रिक भाषांतरात २०२२ पासून कोकणीचाही समावेश आहे. त्यामुळे सरधोपट भाषांतरापेक्षा यंत्राचे भाषांतर तपासणे, शासकीय, वैद्यकीय किंवा कायदेविषयक मजकूर अचूक करणे, यांकडे वळणे अधिक टिकाऊ ठरते.

दराचा हिशेब

मिळालेल्या रकमेला केवळ प्रत्यक्ष कामाच्या तासांनी भागणे फसवे असते. उदाहरणार्थ, ३,००० शब्दांचे भाषांतर शब्दाला १ रुपया दराने घेतले, असे समजू. त्यास १२ तास आणि काम मिळवणे व दुरुस्त्या यांस ४ तास लागले. २० टक्के कपात जाता हाती २,४०० रुपये येतात, म्हणजे तासाला १५० रुपये. वीज, डेटा आणि यंत्राची झीज यांचा खर्च यातूनच जातो. हा आकडा स्थानिक मजुरीशी ताडून पाहावा आणि मगच काम स्वीकारावे.

फसवणूक ओळखावी कशी

घरबसल्या कमाईच्या नावाने होणारी फसवणूक साधारण चार प्रकारची असते. पहिला प्रकार नोंदणी वा प्रशिक्षण शुल्काचा. दुसऱ्यात चित्रफितींना पसंती देण्यासारख्या क्षुल्लक कामाचे प्रथम थोडे पैसे खरोखर मिळतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी रक्कम भरण्यास सांगितले जाते. तिसऱ्यात टंकलेखनाच्या कामाचा करार करून घेतात आणि चुकांचे निमित्त काढून दंडाची, खटल्याची धमकी देतात. चौथा प्रकार सर्वांत घातक : आपले बँक खाते कमिशनवर वापरू द्या, अशी मागणी. अशा खात्यातून गुन्ह्याचा पैसा फिरतो आणि चौकशीला खातेदाराला तोंड द्यावे लागते.

नियम एकच : काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. रक्कम गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

नोंदणी, कर आणि हक्क

केंद्र सरकारची उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. तिचा लाभ असा की, भारतातील ग्राहकाने काम स्वीकारल्यानंतर ४५ दिवसांच्या आत पैसे न दिल्यास २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली दाद मागता येते. सेवा पुरवणाऱ्यास कर्नाटकात व गोव्यात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेतो सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. ग्राहकाने टीडीएस कापला असल्यास तो परत मिळवण्यासाठी, कर देय नसला तरी, प्राप्तिकर विवरणपत्र भरावे लागते.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या आली. कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तथापि या तरतुदींची चर्चा मुख्यतः वाहनचालक व घरपोच सेवा देणाऱ्यांभोवती फिरते. परदेशी ग्राहकासाठी घरातून भाषांतर करणाऱ्याने केवळ त्यांवर विसंबू नये. पहिल्या कामापासूनच लेखी अटी, टप्प्याटप्प्याने मोबदला आणि उत्पन्नातील काही वाटा बाजूला ठेवण्याची सवय हेच त्याचे संरक्षण.

अशा कामाकडे शेती, होमस्टे किंवा अन्य व्यवसायाला पूरक उत्पन्न म्हणून पाहणे व्यवहार्य ठरेल. एका ग्राहकावर सारा संसार टाकण्याइतके ते स्थिर नाही. परंतु कामाची निवड नेटवर्क, भाषा आणि हिशेब पाहून झाली, तर त्यातील काही कमाई तरी घाट न उतरता पदरी पडू शकते.