सामाईक भिंतीची संमती

घर आपले असले तरी भिंत आपली एकट्याची नसते, ही गोष्ट खेड्यातील माणसाला शिकवावी लागत नाही. नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे गाव घ्या. खानदेशच्या या भागातील जुनी घरे धाब्याची. मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर पावसाळ्यापूर्वी दाबून पसरलेली खारी माती. अशी घरे गल्लीत एकमेकांना टेकून उभी राहतात आणि पुष्कळदा एकाच भिंतीवर दोन कुटुंबांच्या तुळया दोन बाजूंनी विसावलेल्या असतात. तेथे जुनी भिंत उतरवून विटांची बांधावयाची झाली, तर पहिला शब्द शेजाऱ्याकडे टाकावा लागतो. त्याच्या तुळईला टेकू दिल्यावाचून कुदळ मारता येत नाही.

इंग्रजी अमदानीत या शब्दाला कायद्याचे रूप मिळाले. १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला आणि शेजारच्या वास्तूकडून मिळणारा आधार हा हक्काचा विषय ठरला. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ ने गावाच्या हद्दीत इमारत बांधण्यापूर्वी किंवा पुन्हा उभारण्यापूर्वी पंचायतीची परवानगी आवश्यक केली. शेजाऱ्याच्या होकाराला अशा रीतीने गावाच्या कागदाची जोड मिळाली. हीच संमती शहरातील बहुमजली इमारतीत आली तेव्हा तिचे काय झाले, हे आम्हांला प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. कारण सदनिकेतील मोरी हलविणे किंवा भिंत काढणे हा विषय आज आपल्यापैकी अनेकांच्या इमारतींत कलहाचे निमित्त होत असतो.

मुंबईत हा प्रश्न प्रथम नगरपालिकेच्या दारी गेला. १८८८ च्या महापालिका कायद्याचे कलम ३४२ असे सांगते की, इमारतीत भर घालणाऱ्याने किंवा तिचा एखादा भाग काढून फेरबदल करणाऱ्याने आयुक्तांना आगाऊ सूचना द्यावी. राहण्यापुरती किरकोळ डागडुजी तेवढी यातून मोकळी. १८९६ साली शहरात प्लेगाची साथ आली आणि दाटीवाटीच्या चाळींतील अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. १८९८ साली सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. एका बिऱ्हाडाने घातलेला आडोसा दुसऱ्याची हवा अडवू शकतो, हे शहराला फार मोठी किंमत देऊन कळले.

परंतु चाळीतील भाडेकरूच्या मार्गात नगरपालिकेच्या आधी घरमालक उभा होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले आणि भाडेकरूला संरक्षण दिले. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मात्र एक टांगती तलवार होती. मालकाच्या लेखी संमतीवाचून खोलीत कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा दावा करता येत असे. परिणाम असा झाला की, गोठलेल्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च करण्यास मालकाचे मन होईना, आणि स्वतःच्या पदराने दुरुस्ती करावी तर भाडेकरूला दाव्याचे भय वाटे. दोघांच्या या ओढाताणीत तुळया मात्र कुजत राहिल्या. अखेरीस शासनाला १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला.

कायम स्वरूपाचे बांधकाम म्हणजे काय, हा वाद स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. जमिनीवर बसून चूल वा शेगडी सांभाळणाऱ्या गृहिणीला उभ्याने रांधण्यासाठी ओटा हवा होता, आणि ओटा तर भिंतीत पक्का केलेला! १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात याचे स्पष्टीकरण आढळते. लाकडी पडदी, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, दार, वायुवीजनासाठी आवश्यक खिडकी यांना कायम बांधकाम समजू नये. जेथे आवश्यक असेल तेथे नगरपालिकेची परवानगी मात्र घ्यावी. कायद्याच्या त्या चार ओळींत किती घरांतील दुखरे गुडघे आणि किती घरांतील भीती सामावली आहे, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दुसरा एक मार्ग याआधीच निघाला होता. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिचे प्रवर्तक. १९१८ साली वांद्रे येथे साष्टी कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, आणि आपल्या समाजालाही या विचाराची गोडी लागली. मालक वेगळा आणि राहणारा वेगळा हे द्वैत येथे मिटले. परवानगी मागणाराही सभासद आणि देणारेही सभासद. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानंतर आदर्श उपविधी आले. सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, असे ते सांगतात. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याचे कलम ८ याहून कडक होते. इमारतीच्या मजबुतीला धोका पोहोचेल असे काम कोणी करू नये, आणि महत्त्वाचे नवे बांधकाम करावयाचे तर इतर सर्व मालकांची एकमुखी संमती आधी घ्यावी, असे मूळ कलमात म्हटले होते.

एकमुखी संमती! हा आग्रह अवाजवी वाटेल. पण २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप झाला आणि गुन्हा दाखल झाला. तळमजल्याचा खांब वरच्या सर्व घरांची भिंत असतो. धाब्याच्या घरात शेजाऱ्याची तुळई डोळ्यांना दिसते. सिमेंटच्या इमारतीत ती गिलाव्याआड लपलेली असते. म्हणून तेथे अभियंत्याचा नकाशा आणि समितीचा कागद हवा.

तथापि कागद म्हणजे सर्वस्व नव्हे. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मोरीची जागा बदलली. अर्ज होता, ठराव होता, सह्या होत्या. पावसाळा नसतानाही आमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल धरली, तेव्हा कळले की खालच्या घरी येऊन कोणी विचारलेच नव्हते. समितीनेही नाही आणि शेजाऱ्यानेही नाही. उलट, वैयक्तिक रागापोटी साध्या फरशीचा अर्ज महिनोन्महिने दाबून ठेवणारे पदाधिकारीही आम्ही पाहिले आहेत. पहिल्याने शेजारधर्म विसरला, दुसऱ्यांनी अधिकाराला मालकी समजले.

मालक, नगरपालिका, पंचायत, समिती असे परवानगी देणारे हात काळानुसार बदलत वा वाढत गेले. मूळ प्रश्न मात्र रनाळ्याच्या गल्लीतलाच राहिला आहे. मी भिंत उतरवीत असताना तुमच्या तुळईला टेकू कोण देणार? याचे उत्तर घेऊन जो शेजाऱ्याच्या दारी आधी जातो आणि मग समितीकडे अर्ज करतो, त्याच्या घराचे काम सहसा अडत नाही, आणि अडलेच तर ते अडावयास हवे होते असे समजावे.