तळटीप १४ : ‘दादा’

१४. दादा : येथे लेखकाचे वडील, थोरला भाऊ नव्हे. नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) आणि आसपासच्या एकत्र कुटुंबांत मुले वडिलांना पुष्कळदा ‘दादा’, ‘अण्णा’, ‘तात्या’, ‘नाना’ किंवा ‘भाऊ’ म्हणत. धाकटे चुलते ज्याला ‘दादा’ म्हणून हाक मारतात, त्याला बोलू लागलेले पोरही ऐकून तेच म्हणते. शिवाय वडीलधाऱ्यांदेखत स्वतःच्या मुलाचे कौतुक करणेच जिथे संकोचाचे, तिथे हाक दुरुस्त करायला कोण बसणार? याच न्यायाने आईची ‘वहिनी’ होई. या प्रकरणातील ‘वहिनी’ म्हणजे लेखकाची आईच. ‘अण्णा’ हा कन्नडमध्ये थोरला भाऊ आणि ‘अप्पा’ वडील. सोलापूरकडच्या मराठी घरांत दोन्ही हाका वडिलांसाठी ऐकू येतात. ‘बाप’ हा शब्द मात्र उल्लेखापुरता. तोंडावर कोणी तशी हाक मारत नाही, आणि दुसऱ्याचा ‘बाप’ काढला तर भांडणच. ज्ञानदेवांच्या अभंगांतील नाममुद्रेत विठ्ठलाला ‘बाप’ म्हटले आहे ते आदरानेच. माउलींची पालखी आषाढी वारीत नातेपुत्याला मुक्कामी असते, त्यामुळे हा दुसरा अर्थही गावाला परका नाही. पुढे दिलेल्या पत्राचा मायना ‘तीर्थरूप दादांस’ असा आहे. रूढ संकेताप्रमाणे ‘तीर्थरूप’ आईवडिलांना आणि ‘तीर्थस्वरूप’ इतर वडीलधाऱ्यांना लिहीत, म्हणून पत्र वडिलांनाच आहे, काकांना नाही. — संपा.