भूल उतरल्यानंतर

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात मॉर्टनने रोग्याला ईथरची भूल दिली आणि शस्त्रक्रियेतील किंकाळी थांबली. पुढच्याच वर्षी एडिंबरोत सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु ईथरच्या जमान्यात शंभरातले सुमारे पाऊणशे रोगी शुद्धीवर येताच ओकू लागत, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ओकारीने ताज्या टाक्यांवर ताण पडे, अर्धवट शुद्धीत ओक श्वासनळीत गेली तर जीवही धोक्यात येई. तरी मृत्यूची नोंद होई, ओकारीची क्वचितच. कारखान्यात बोट तुटले तर कागद होतो, रोज पाठ मोडते त्याचा होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

लंडनच्या डॉ. जॉन स्नोने मात्र १८४८ सालीच तिची दखल घेतली. कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखविणारा स्नो तो हाच; यॉर्कच्या एका मजुराचा मुलगा. नुकतेच जेवलेल्यांना आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच हलविलेल्यांना ओकारी अधिक होते, हे त्याने टिपले. उपाय सांगितला तो दारू आणि अफूचा! गंमत अशी, की अफूच्या जातीची वेदनाशामके हेच ओकारीचे एक मोठे कारण असल्याचे पुढे ठरले.

मेंदूच्या तळाशी रक्तातील विषाची चाहूल घेणारी एक जागा आहे. भुलीचे औषधही तिला विषच वाटते. तिला इशारे पोचविणारी रसायने अनेक असल्याने एकाच औषधाने सर्वांचे भागत नाही. २००४ साली पाच हजारांहून अधिक रोग्यांवरील चाचणीत तीन निरनिराळ्या औषधांपैकी प्रत्येकाने धोका सुमारे चौथ्या हिश्शाने कमी केला.

पण मला मोठे वाटते ते १९९९ साल. त्या वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १०१ रोग्यांनाच विचारले : भुलीनंतर काय नको? ओकारीचा क्रमांक पहिला लागला, वेदनेच्याही वर. त्याच वर्षी आप्फेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार खुणा सांगितल्या : रोगी स्त्री असणे, धूम्रपान न करणे, गाडी लागणे किंवा पूर्वी भुलीनंतर ओकारी झालेली असणे, आणि नंतर अफूवर्गीय औषध लागणे. (विडी ओढणाऱ्यांनी यावरून खूष होऊ नये.) एकही खूण नसेल तर धोका शंभरात १०, चारही असतील तर ८०.

तेव्हा भूल देणारे डॉक्टर शस्त्रक्रियेपूर्वी येऊन 'घाटात गाडी लागते का हो?' असे विचारतात, ते गप्पा मारायला नव्हे. लागत असेल तर सांगावे. औषध आधीच देता येते.